अंदमान एसटी-बोटीने: आधी बोटीचं तिकीट, मग बाकी सगळं

डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलंय. जानेवारीत चौघांना अंदमानला जायचंय. ते स्वतः, पत्नी आणि आई-बाबा. बाबा सत्तरीचे, सेल्युलर जेल बघायचं हे त्यांचं कितीतरी वर्षांपासूनचं मनात आहे. आईचे गुडघे दुखतात. हातात आठ दिवस आहेत. टूरवाल्याने सांगितलेला आकडा परवडणारा नाही. सरकारी बस आणि सरकारी बोटींनी हे बरंच स्वस्तात होईल का, आणि त्यात म्हाताऱ्या माणसांचे हाल तर होणार नाहीत ना?

होईल. हाल होतील की नाही, हे तुम्ही आठ दिवसांत किती कोंबता त्यावर आहे. मी मुलुंडची. पहिल्यांदा गेले ती नवऱ्याच्या एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास सवलतीवर. नंतर आम्ही सहा-सात मैत्रिणी जवळजवळ दर हिवाळ्यात जातो, बस आणि बोटीनेच. त्यात चुकाही भरपूर झाल्या आहेत. त्यांतली एक पुढे सांगते.

आधी पैसा कुठे जातो ते बघा. पॅकेजमध्ये मोठे खर्च तीन: विमान, खासगी बोटी, आणि दिवसभर तुमची वाट बघत उभी राहणारी गाडी. विमानाला पर्याय नाही. चेन्नई किंवा कोलकात्याहून जहाज जातं, पण समुद्रात साधारण तीन दिवस जातात. आठ दिवसांच्या रजेत तो विचारही करू नका. मुंबईहून बहुतेकदा चेन्नई, कोलकाता नाहीतर बंगळुरूला थांबून विमान मिळतं, आणि ते जितकं आधी काढाल तितकं बरं. म्हणजे वाचवायला जागा उरते ती बोटी आणि गाडीत. गाडीचं काम एसटी आणि शेअर रिक्षा आरामात करतात. खरी गाठ आहे बोटीची, म्हणून तिथेच जरा थांबते.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक बेट, हॅवलॉकहून नील बेट, नीलहून परत पोर्ट ब्लेअर, असा हा तीन टप्प्यांचा फेरा. खासगी बोटीला एका टप्प्याला माणशी हजाराच्या वरच मोजावे लागतात. तीन टप्पे, चौघं जण, म्हणजे नुसत्या बोटींचा खर्च पाच आकडी झाला. सरकारी बोट त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत जाते. वेळ थोडा जास्त लागतो. हॅवलॉकला साधारण अडीच तास, खासगीला दीड-दोन. खासगी बोट म्हणजे एसीत बसून काचेतून समुद्र बघणं, बहुतेक बोटींवर बाहेर उभं राहू देत नाहीत. सरकारी बोटीत डेकवर वारा खात जाता येतं. बाजूला बेटावरची माणसं तांदळाची पोती, कोंबड्यांचे पिंजरे, शाळेची दप्तरं घेऊन बसलेली असतात. बोट निघाली की पुढच्या पाण्यातून उडणारे मासे सटासट सुटतात, चांदीची सुई फेकल्यासारखे. माझ्या एका मैत्रिणीने पहिल्यांदा बघितले तेव्हा तिला पक्षीच वाटले.

मग अडचण काय? सरकारी तिकिटं फार आधी उघडत नाहीत, प्रवासाच्या मोजक्या दिवस आधी मिळतात. बेटावरच्या रहिवाशांना प्राधान्य असतं, आणि ते असायलाच हवं, कारण ती त्यांची लोकल आहे. आता ऑनलाइनही मिळतात, नाहीतर फिनिक्स बे जेट्टीच्या खिडकीवर. ऑनलाइन नाही जमलं तर मी पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर पहिलं काम तेच करते. सामान लॉजवर टाकायचं आणि रांगेत उभं राहायचं. प्रत्येकाच्या आधारच्या दोन-दोन झेरॉक्स मुंबईहूनच काढून न्या. खिडकीवर पोचल्यावर झेरॉक्सचं दुकान शोधत धावणारी माणसं मी दर वर्षी बघते.

यातून माझा नियम ठरला तो असा: आधी बोट, मग लॉज. हॅवलॉक आधी की नील आधी, हे घरी बसून ठरवू नका. फेरा कुठूनही फिरला तरी फेराच आहे. ज्या टप्प्याचं सरकारी तिकीट आधी मिळेल तिथून सुरू करायचा. त्यासाठी दोन्हीकडे ऐन वेळी रद्द करता येईल अशा खोल्या बुक करा, किंवा लॉजवाल्याला फोन करून सांगून ठेवा की तारखा एखाद-दोन दिवस इकडेतिकडे होतील. त्यांना याची सवय आहे. आणि एखादा टप्पा नाहीच मिळाला तर तेवढाच खासगी बोटीने करा. तिन्ही टप्पे सरकारीच हवेत असा हट्ट धरला की वाचलेले पैसे एका जादा रात्रीच्या खोलीत जातात.

आता ती चूक. एका डिसेंबरात आम्ही नीलवरून ज्या दिवशी परतणार होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळचं विमान काढलं होतं. मध्ये एकही मोकळा दिवस नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आला आणि समुद्र खवळला. सरकारी-खासगी सगळ्या बोटी बंद. जेट्टीवर आम्ही सामानावर बसून होतो आणि समोर नांगरलेली बोट नुसती डुलत होती. बोटीवरचा एक खलासी म्हणाला, "दीदी, आज नहीं, कल भी पता नहीं." विमान गेलं, तिकिटाचे पैसे गेले, नवीन तिकीट ऐन वेळच्या भावाने काढावं लागलं. सरकारी बोटीतून वाचवलेले सगळे पैसे त्या एका सकाळी गेले. खरं तर आपल्याला हे कोणी शिकवायला नको. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते हे आपण लहानपणापासून बघतो. पण फिरायला निघालं की समुद्र आपल्या सुट्टीप्रमाणे वागेल असं का कोण जाणे वाटतं.

त्यामुळे विमानाच्या आधीचा अख्खा दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच ठेवा. जानेवारीत समुद्र बहुतेक शांत असतो, तरीही ठेवा. त्या दिवशी करायला बरंच आहे, ते खाली येईलच. पाऊस कधी, असं कोणी विचारलं तर दर मे महिन्यात पेपरात "मान्सून अंदमानात दाखल" असं येतं ते आठवा. मेचा तिसरा-चौथा आठवडा ते ऑक्टोबर हा काळ बोटीच्या बेतासाठी वाईट.

आणखी एक गोष्ट मुंबईकरांना पहिले दोन दिवस त्रास देते. घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. पोर्ट ब्लेअर जवळजवळ त्र्याण्णववर आहे, मुंबई त्र्याहत्तरवर. जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. डोंबिवलीत तेव्हा ऊन असतं. बसही त्या सूर्याने चालतात. सकाळी उजाडायच्या आधी सुरू आणि संध्याकाळ झाली की कमी कमी होत जातात. रात्री एकची कर्जत पकडणाऱ्या माणसाला शेवटची बस इतक्या लवकर जाते हे पटतच नाही. कुठेही उतरलात की कंडक्टरला पहिला प्रश्न हाच: परतीची शेवटची गाडी किती वाजता?

बसबद्दल. तिथेही तिला एसटीएस म्हणतात, स्टेट ट्रान्सपोर्ट सर्व्हिस, म्हणजे आपल्या लाल परीची चुलत बहीणच. स्टँड मोहनपुऱ्यात, अबर्डीन बाजाराच्या खाली. तिकीट इतकं कमी की आई पर्स उघडायला लाजेल. वांडूरची बस एकदा तरी पकडा, खिडकीची जागा मिळाली तर फारच छान. वाटेत सिप्पीघाट लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी, आणि त्या पाण्यात नारळाचे वाळके बुंधे उभे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं खाजण असेल, आपल्याकडे भाईंदरला असतं तसं. शेजारी बसलेल्या आजोबांनी सांगितलं, इथे भाताची शेती होती. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात इथली जमीनच खचली आणि समुद्र आत आला तो परत गेलाच नाही. ड्रायव्हर आहे त्याच गिअरमध्ये होता, कंडक्टर सुटे पैसे मोजत होता. मी मात्र वांडूर येईपर्यंत त्या पाण्याकडेच बघत होते. गाडी करून गेलं तर हे दिसतं, पण सांगणारं शेजारी कोणी नसतं.

वांडूरहूनच महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात बोटी जातात, जॉली बॉय बेटावर. प्रवाळ बघायचे तर काचेच्या तळाची बोट आईलाही जमेल. प्लॅस्टिक नेता येत नाही, पाण्याच्या बाटलीचीही चौकशी होते. सोमवारी बंद. चिडिया टापूची बस संध्याकाळच्या बेताने धरा, सूर्यास्त तिथूनच बघावा. पण परतीची बस चुकली तर रिक्षावाला सांगेल तो भाव द्यावा लागतो.

आता सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडणारी फेरी. चॅथम जेट्टीवरून बांबूफ्लॅटला वाहनांची बोट जाते. कोकणातल्या माणसाला दाभोळची जंगार आठवेल. ट्रक, स्कूटर, भाजीवाल्या, शाळेची पोरं, सगळे एका डेकवर. काही मिनिटांत पलीकडे. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. चॅथमलाच 1883 सालची लाकूड कापायची सरकारी गिरणी आहे, तीही बघून घ्या. बांबूफ्लॅटला उतरून बस नाहीतर शेअर जीपने होपटाऊनकडे निघायचं. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला शेर अली आफ्रिदी या कैद्याने 8 फेब्रुवारी 1872 ला मारलं ते होपटाऊनच्या धक्क्यावर. पुढे माउंट हॅरिएट, आता त्याचं नाव माउंट मणिपूर, तिथपर्यंत आई-बाबांसाठी गाडी कराच. चढ आहे. वरून समोर जो दीपस्तंभ दिसतो तो जुन्या वीस रुपयांच्या नोटेच्या मागे छापलेला होता. घरात जुनी नोट असेल तर न्या. आमच्यातली एक दर वर्षी नेते, आणि फोटोत नोट सरळ कोण धरणार यावरून आमची दर वर्षी बाचाबाची होते.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. 2018 च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक नाव असतं, कंडक्टर ओरडतो दुसरंच. तिकीट शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.

हॅवलॉकवर जेट्टीपासून राधानगरपर्यंत बस आहे, साधारण बारा किलोमीटर. बस दिवसातून मोजक्या वेळा असते. तुम्ही दोघं स्कूटर घ्या, आई-बाबांना जाताना बसमध्ये बसवा, येताना रिक्षा. इथे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. अंधार पडल्यावर स्टॉपवर बसून म्हाताऱ्या माणसांनी बसची वाट बघायची, ही काटकसर मला पटत नाही. पाण्यात उतरण्याआधी मगरीच्या सूचनेचा फलक आहे का ते बघा. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, फलक शोभेला लावलेला नाही.

नील छोटं आहे, सायकलवरही होतं. आईसाठी रिक्षावाल्याशी अर्ध्या दिवसाचा भाव ठरवा. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला नैसर्गिक दगडी कमान आहे, तिथे ओहोटीलाच जाता येतं. आपले कोळी आणि कोकणातले लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, तुमच्या बाबांनाही ते कदाचित येत असेल. ते गणित इथल्या किनाऱ्याचं आहे, नीलवर तसंच लावू नका, चुकेल. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी तशी ओहोटीही खोल, एवढं मात्र तिथेही खरं. वेळ लॉजवाल्याला विचारा. खडक निसरडे आहेत, आईने वाळूपर्यंतच जावं.

आता ज्याला मी नाही म्हणणार आहे ते. बाराटांगची एका दिवसाची सहल. प्रत्येक पॅकेजमध्ये असते, म्हणून तुम्हालाही वाटेल की आपलं राहिलं. पहाटे तीनला उठायचं, जिरकाटांगच्या फाटकावर गाड्यांच्या रांगेत थांबायचं, ताफ्यात जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं, पुढे जंगारीवर चढायचं, मग छोट्या बोटीने खारफुटीतून चुनखडीच्या गुहांपर्यंत, आणि हे सगळं त्याच दिवशी उलटं. गुहा चांगल्या आहेत. पण तुमच्या आईच्या गुडघ्यांसाठी हा दिवस नाही. शिवाय खरं सांगू का, त्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांतल्या लोकांना गुहा नाही, माणसं बघायची असतात. जारवांचे फोटो काढणं, गाडी थांबवणं, खायला देणं हा गुन्हा आहे. तरी गाडीत "दिसले का, दिसले का" चालूच असतं. मी त्या रस्त्याने गेले आहे, पण बसने, रंगतला जायला. ताफ्यात बस कुठे थांबत नाही, आणि माझ्या पुढच्या सीटवरची बंगाली बाई पूर्ण रस्ता खिडकीला डोकं टेकून झोपलेली होती. तिला माहेरी जायचं होतं.

रंगत, मायाबंदर, दिगलीपूर ही खरी एसटीची अंदमान. पोर्ट ब्लेअरहून दिगलीपूर साधारण बारा तास, पहाटे काळोखात बस सुटते. रॉस (हे पोर्ट ब्लेअरसमोरचं नव्हे, वेगळं) आणि स्मिथ ही वाळूच्या पट्ट्याने जोडलेली दोन बेटं, कालीपूरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं, 732 मीटरचं सॅडल पीक, सगळं तिथे. पण त्याला बारा दिवस हवेत आणि बसायला दणकट पाठ. आई-बाबांशिवाय परत जाल तेव्हा करा.

म्हणजे तुमचे आठ दिवस असे पडतात: पहिला दिवस उतरणं, बोटीची तिकिटं आणि आराम. दुसरा सेल्युलर जेल आणि जमलं तर रॉस. मग हॅवलॉकला दोन रात्री, नीलला एक रात्र, किंवा आधी नील. परत आल्यावर उरलेल्या वेळात चॅथम-बांबूफ्लॅट किंवा वांडूर. सातवा अख्खा दिवस विमानाआधीचा राखीव, आठव्या दिवशी विमान. बोटी ठरल्यासारख्या सुटल्या तर या राखीव दिवशी चिडिया टापू.

किरकोळ गोष्टी पटापट. रोख पैसे न्या. 2020 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली तेव्हापासून नेट बरंच सुधारलं, तरी छोट्या बेटांवर यूपीआय ऐन वेळी दगा देतं. जेवणाला अबर्डीन बाजारात तमिळ आणि बंगाली खाणावळी आहेत, मासळीची थाळी पोटभर मिळते. शाकाहाऱ्यांचंही अडत नाही. बोट लागत असेल तर ॲव्होमिनची गोळी बोटीत चढायच्या आधी घ्यायची, चढल्यावर नाही. बाबांची बीपीची वगैरे औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. शिंपले, प्रवाळ पिशवीत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात आणि वर बोलणी बसतात.

राहिलं जेल. ते पहिल्या दिवशी विमानातून उतरल्या उतरल्या उरकू नका, पॅकेजवाले तेच करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतानाच जा, उन्हाच्या आणि गर्दीच्या आधी. सुट्टीचा दिवस आदल्या संध्याकाळी लॉजवर विचारून घ्या. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या जेलच्या सात विंगपैकी आता तीनच उरलेत. तात्याराव सावरकर 4 जुलै 1911 ला तिथे पोचले, 1921 च्या मे महिन्यात त्यांना तिथून हलवलं. त्यांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. जिना चढाचा. आईला खालीच सावलीत बसवलं तरी चालेल. बाबा मात्र वर जाणारच, तेव्हा सोबत जा आणि घाई करू नका. कोठडीच्या समोर उभं राहून खाली बघितलं की फाशीघर दिसतं. आमच्यातल्या एकीचे वडील ऐंशीचे होते. ते आत गेले, भिंतीला हात लावून उभे राहिले, आणि मागून सहलीच्या घोळक्याने "जरा बाजूला व्हा, फोटो घ्यायचाय" म्हटलं तेव्हा बाहेर आले. म्हणून म्हणते, सकाळी उघडतानाच जा.